वाळवलेली पानं

बाबा लातूरच्या दवाखान्यात पायाच्या जखमेनं गेले. औषधामागून औषध दिलं, पण जखमेतला जंतू एकालाही जुमानेना. त्यानंतर तोच जंतू मी नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं काचेच्या बशीत जगवत होते, कधीतरी त्याला हरवायचं म्हणून. वनस्पतीच्या अर्काची जोड दिली तर निकामी झालेलं औषध पुन्हा काम करेल, अशी आशा होती. कडुनिंब झाला, तुळस झाली, नागवेल झाली. औषधाच्या चकतीभोवती जंतू मेल्याचं स्वच्छ कडं काही उमटेना. शेवटी प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले, "सोमवारपर्यंत बघा, नाहीतर विषय बंद करू." मला राग सरांचा नाही, माहूरच्या रेणुकाईचा आला. बाबांना नेलंस, आता त्यांच्यासाठी चाललेली धडपडही नेतेस?

भांडायलाच म्हणून शुक्रवारी माहूरची बस धरली. तिथे देवीला कुटलेल्या विड्याचा नैवेद्य असतो. प्रयोगासाठी वाळवून ठेवलेली नागवेलीची पानंच मी रागारागानं पिशवीत टाकली होती. पायऱ्यांवर खलबत्ता घेऊन बसलेल्या म्हातारीनं त्यातलं एक चुरगाळून हुंगलं आणि परत केलं.

"हे न्हाई चालत, माय. वास गेला म्हंजी पानात काय ऱ्हायलं?"

"मावशी, पान ते पानच ना?"

"न्हाई. वलंच कुटावं लागतंय."

गाभाऱ्यात उभी राहिले तेव्हा भांडणाऐवजी म्हातारीचं बोलणंच डोक्यात घुमू लागलं. पुस्तकात लिहिलंय म्हणून मी प्रत्येक पान गरम भट्टीत कडक वाळवत आले होते. उष्णतेनं पानातलं सुगंधी तेल उडतं, हे मीच वर्गात शिकवते. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

शनिवारी ओली पानं कुटून अर्क काढला, रविवारी बशा लावल्या. सोमवारी सकाळी त्या बाहेर काढल्या. नुसत्या औषधाची बशी जंतूंनी भरलेली. नुसत्या अर्काचीही भरलेली. तिसरी उघडायचा धीर होईना. तिच्यात दोन्ही एकत्र होते, आणि चकतीभोवती स्वच्छ कडं होतं. मी तिथेच खाली बसून रडले. सरांनी पुन्हा करायला लावलं, तरी तेच आलं.

यातून कधी औषध होईल का, ते माझ्या हाती नाही. बाबा तर परत येणार नाहीत. पण शिकलेपणाचा ताठा मी खाली ठेवला, तेव्हाच रेणुकाईनं ओंजळीत काही घातलं, एवढं मला कळतं.

महिन्याभरानं पुन्हा गडावर गेले. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं म्हातारीपुढे धरली. तिनं एक हुंगलं आणि सगळी खलबत्त्यात टाकली.