सटवाईचा कोरा कागद

झेंडू आणि हळदीचा वास एकत्र आला की मला अकोल्यातलं आमचं ते नाटक आठवतं. त्यात बायको गेलेला एक माणूस ढगांचा जिना चढून, बाळांची नशिबं लिहिणाऱ्या सटवाईच्या दारी जातो आणि स्वतःचं नशीब वाचायला मागतो. सटवाई मी होते. त्या माणसाचं काम करणाऱ्या आमच्या वकील मित्राची बायको चार महिन्यांपूर्वी खरोखरच गेली होती, तरी त्यानं भूमिका सोडली नव्हती. पाटावर हळदकुंकू, फुलं, कागद, पेन मांडायचं माझ्याकडेच होतं, आणि घरी बाळाच्या पाचवीला सटवाईनं लिहावं म्हणून कोरा कागद ठेवायची सवय अशी की मी इथंही कोराच कागद घडी करून ठेवला. ‘तू एकटाच राहशील’ असं लिहिलेला नाटकातला कागद मेकअपच्या खोलीतच राहिला. भर प्रयोगात त्यानं घडी उघडली आणि कागद उलटसुलट करून पाहिला. मग नाटकातली पुस्तकी भाषा सोडून हळूच म्हणाला, “बाई, इथं तं काहीच लिवेल नाही.”  मीही तसंच म्हणाले, “मंग तूच लिव ना, बाबा.”  त्यानं कागद खिशात घातला आणि ताठ मानेनं जिना उतरला. पडदा पडल्यावर मी कागद परत मागितला, तर म्हणाला, “राहू दे, मले लागते.” काल नातीच्या पाचवीला पाटावर कोरा कागद मीच ठेवला, पेन मात्र सटवाईपुढं न ठेवता नातीच्या इवल्या मुठीजवळ ठेवला.