खरं सांगा, काय सांडलंय?

डागकाकूंना बसवत नव्हतं. खुर्चीत टेकल्या की उठत, उठल्या की खिडकीशी जात, आणि खिडकीशी गेल्यावर आपण इथे कशाला आलो तेच विसरून पुन्हा खुर्चीकडे वळत. नवरा म्हणाला, "अगं, फरशी झिजेल."

"झिजू दे. घरात मी एकटीनेच किती झिजायचं?"

तीस वर्षांचं त्यांचं धुलाईचं दुकान. पुढे नवऱ्याची इस्त्री, मागे काकूंचं टेबल. टेबलावर बाटल्या, ब्रश, मऊ फडकी आणि खडूच्या भुकटीचा डबा. डाग काढावा तो त्यांनीच, म्हणून अख्ख्या गल्लीत त्या डागकाकू. खऱ्या नावाने कोणी हाक मारली तर त्या मागे वळून बघत, कोणाला बोलावतायत म्हणून.

त्यांचा एकच नियम होता. कपडा हातात घ्यायच्या आधी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून विचारायचं, "खरं सांगा, काय सांडलंय?" कारण डागाच्या बाबतीत भली भली माणसं खोटं बोलतात. एक गृहस्थ शर्टावर तांबडा पट्टा घेऊन आले आणि म्हणाले, पाणी उडालं. "तुमच्याकडे लाल पाणी येतं वाटतं नळाला?" असं काकूंनी विचारलं, तेव्हा कुठे गाडी दारूवर आली. "लाजेपायी कापड घालवू नका हो," काकू सांगत. "एका डागाचा उपाय दुसऱ्यावर केला की डाग राहतो आणि कापड जातं."

आणि आता डाग त्यांच्याच अंगावर होते. डाव्या छातीतली कर्करोगाची गाठ काढली, जखम भरली, मग वीस दिवसांचं रेडिएशन ठरलं. हॉस्पिटलच्या बाकावरच्या बायका त्याला नुसतं 'शेक' म्हणत. पहिल्याच दिवशी मशीनवरच्या बाईंनी छातीवर जांभळ्या शाईच्या फुल्या मारल्या. "काकू, ह्या पुसायच्या नाहीत. साबण नाही, घासणं नाही. नेम ह्यांच्यावरच धरायचा असतो." काकूंनी मान वाकवून फुल्या पाहिल्या. असली शाई त्यांनी दोन मिनिटांत उडवली असती. हात मांडीखाली दाबून बसल्या बिचाऱ्या.

शेकाचं काम दहा मिनिटांचं. उताणं झोपायचं, डावा हात डोक्यावर, हलायचं नाही. तेव्हा काही दुखत नसे. दुखणं मागाहून, चोरपावलांनी आलं. दुसऱ्या आठवड्यात कातडी गुलाबी झाली, तिसऱ्यात तांबूस काळी, कापडावर इस्त्री विसरून राहावी तशी. खाज अशी की जीव नकोसा व्हावा, आणि खाजवायची बंदी. थकवा तर असा की जिना चढून आल्यावर चपला काढायच्या आधी दम खावा लागे. पण दमलेलं माणूस निजतं ना, यांचं उलटंच. अंग म्हणे आडवी हो, जीव म्हणे चल कुठेतरी. आणि जाणार कुठे? दुकानात वाफ आणि उकाडा, म्हणून तिथे मज्जाव.

त्यात बाकावर एक निवृत्त मास्तरीणबाई भेटल्या. त्यांचा आवाज असा, की त्यांनी 'आज सोमवार' म्हटलं तर मंगळवारीसुद्धा खरं वाटावं. त्या म्हणाल्या, "मध्ये खंड पडू देऊ नका हो. एकदा खंड पडला की पुन्हा एकपासून. माझ्या शेजारणीच्या बहिणीचं तसंच झालं."

काकूंनी बोटांवर हिशेब केला, पुन्हा वीस. तो हिशेब घेऊनच त्या रोज मशीनखाली झोपू लागल्या.

तेराव्या दिवशी छातीच्या खालच्या घडीत, सहसा कोणाला दिसणार नाही अशा जागी, नाण्याएवढी कातडी सोलली आणि पाझरू लागली. मशीनवरच्या बाई रोज विचारत, "काकू, कुठे ओलं झालंय? काही सोललंय?"

"छे! ठणठणीत."

घरी येऊन त्यांनी काय करावं? खडूच्या भुकटीचा डबा दुकानातून मागवून घेतला. नवऱ्याला वाटलं, बाईला कामाची आठवण येते, आणला बापड्याने. कापडावरचं तेल खडू शोषून घेतो, मग अंगावरचं पाणी का नाही शोषणार, असा यांचा हिशेब. पाव तास बरं वाटलं. मग भुकटीचे खडे झाले, खडे काढताना आणखी कातडी आली, म्हणून आणखी भुकटी. दुसऱ्या कोणी कपड्यावर असा वेडेपणा केला असता, तर काकूंनी त्याला दुकानाच्या पायरीवर उभं केलं नसतं.

पंधरावा शेक झाला. काकू उठल्या, आणि मशीनखालच्या काळ्या फळीवर पांढरा फराटा उठलेला दिसला.

"हे काय, काकू?"

"पीठ असेल. सकाळी डबा भरला."

"पीठ? झग्याच्या आत?"

"उडालं."

शब्द तोंडातून गेला आणि काकूंना तो लाल पट्टावाला गृहस्थ समोर उभा दिसला. कानांच्या पाळ्या तापल्या. चपला घालून त्या दारापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा दाराशी गेल्या. पाचच राहिलेत, त्या मनाशी म्हणत होत्या, फक्त पाच. खरं सांगितलं तर वीस. आणि नाही सांगितलं तर? तर डाग राहतो आणि कापड जातं, हे तीस वर्षं लोकांना कोण सांगत होतं?

"बाई," त्या दारातूनच म्हणाल्या, "पीठ नाही ते. खडू आहे. खाली ओलं झालंय, तीन दिवस झाले." आणि एका दमात, "आता पुन्हा एकपासून का?"

बाईंनी डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्यांनी ती जागा हलक्या हाताने धुतली, न चिकटणारी मऊ पट्टी ठेवली आणि म्हणाल्या, "खडू! काकू, फळा समजलात की काय स्वतःला? ओलं झालं त्याच दिवशी सांगितलं असतंत, तर तेव्हाच पट्टी लावली असती आणि खंड पडला नसता. आता उद्या-परवा विश्रांती, शनिवार-रविवार सुट्टी. सोमवारी या."

"एकपासून?"

"सोळापासून."

"नक्की?"

"अहो, एकपासून कोण म्हणालं?"

मास्तरीणबाई बाहेर बाकावरच होत्या. "असंच कानावर आलं," काकू म्हणाल्या. मग त्यांचे डोळे डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या कोटावर गेले. गेले पंधरा दिवस जात होतेच. "आणि तुमच्या खिशाखाली ते काय आहे?"

"काही नाही, जुनंच आहे."

"खरं सांगा."

डॉक्टरीणबाईंना हसू आलं. "पेन फुटलं."

"हं. दुकानात पाठवा कोट. आणि घरी घासू नका."

ते चार दिवस काकूंनी घर डोक्यावर घेतलं. नवरा म्हणाला, "डॉक्टरांवर विश्वास नाही का तुझा?"

"आहे हो. पण गिऱ्हाइकाला मीही सांगते, सोमवारी या, कपडा तयार. सोमवारी तयार असतो का?"

यावर नवऱ्याने चपला घातल्या आणि तो दुकानात निघून गेला.

सोमवारी मास्तरीणबाई बाकावर होत्याच. "पडला ना खंड? मी म्हटलं होतं."

"बाई, तुमच्या शेजारणीच्या बहिणीला एकदा विचारा," काकू म्हणाल्या, "तिने नक्की काय सांडलं होतं."

मास्तरीणबाईंना काही कळलं नाही. काकू आत गेल्या. जागा पूर्ण सुकली नव्हती, पण चिघळलीही नव्हती. फुल्या फिकट झाल्या होत्या, त्या बाईंनी नव्याने गडद केल्या. काकू उताण्या झोपल्या, हात डोक्यावर घेतला. शेक कितवा ते बाई रोज आधी सांगत. आज अजून आकडा बोलल्या नव्हत्या.

दार बंद झालं. काचेपलीकडून, भिंतीवरच्या भोंग्यातून आवाज आला, "काकू, सोळा. हलू नका."

आणि नेमकी त्याच क्षणी काकूंच्या नाकाच्या शेंड्याला खाज सुटली.