मीठ घातलं का मी?

इकडे हिंदी मुलखात, आमच्या कंपू मोहल्ल्यातल्या जिजींनी बालवाडीत आलेल्या एकाही मुलाला कधी त्याचं नाव विचारलं नाही. वयानं आजी, पण अख्खी गल्ली त्यांना जिजी, म्हणजे ताईच म्हणायची. पहिल्या दिवशी नाव आईला बाजूला घेऊन विचारायच्या आणि मग मुलाला थेट, "ये गं मिनू, मटार सोलू या." मी एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, "जे आपल्याला ठाऊक आहे, ते पोराला कशाला विचारायचं? तो प्रश्न नाही गं, ती झडती झाली."

माझ्या मिनूची तोवर पुष्कळ झडती झाली होती. चौथं वर्ष लागलेलं. घरात बोलून बोलून कान किटवायची आणि उंबरा ओलांडला की तोंडाला कुलूप! दोन मोठ्या शाळांत मुलाखतीला नेली. मॅडमनी सफरचंदाचं चित्र दाखवून विचारलं, "बेटा, ये कौन-सा कलर है?" कार्टी माझ्या ओढणीत तोंड खुपसून बसली. "मंद तर नाही ना?" असं माझ्या तोंडावर विचारलं हो एकीनं! कानाच्या डॉक्टरांनी सगळं ठीक सांगितलं, तरी माझी झोप उडाली ती उडालीच. शेवटी शेजारच्या काकूंनी मला जिजींकडे धाडलं.

जिजींची बालवाडी म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली आणि अंगण. बाकं नाहीत, फळा नाही. मुलं तांदूळ निवडायची, झाडांना पाणी घालायची, भांडायची, कंटाळा आला की आडवी व्हायची. "अहो जिजी, ही शिकणार कधी?" मी तणतणायची. "अगं, डाळ शिजतेय. सारखं झाकण काढू नकोस." एकदा कुणी एक गृहस्थ आपल्या मुलासाठी जागा बघायला आले आणि एका पोराला त्यांनी तेच विचारलं, "बेटा, ये कौन-सा कलर है?" जिजी शांतपणे म्हणाल्या, "क्यों भाईसाहब, आपको दिखता नहीं?" गृहस्थ लालबुंद. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

पण मिनू गप्पच. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तिथं हूं नाही की चूं नाही. जिजी तिच्याशी खुशाल गप्पा मारायच्या, उत्तराची वाट न बघता. माझं मात्र धाबं दणाणलेलं. ही अशीच राहिली तर?

एके दिवशी मी तिला न्यायला जरा लवकर गेले. मुलांना घेऊन जिजींनी चिवड्याचा घाट घातला होता. मध्येच फोन आला म्हणून त्या आत गेल्या, परत आल्या आणि कढईपाशी थबकल्या. "अगबाई, मीठ घातलं का मी?" खरंच आठवत नव्हतं त्यांना, चेहऱ्यावर दिसत होतं. पोरं एकमेकांकडे बघू लागली. आणि माझी मिनू बोलली.

"नहीं डाला. साखर डाली, मग फोन आला ना, तुम्ही गेलात."

मी हातातली पिशवी तिथंच टाकली. धावत जाऊन तिला कवटाळणार, तोच जिजींनी मला डोळ्यांनी दटावलं. "बरी आठवण केलीस," एवढंच तिला म्हणाल्या आणि मीठ घालून ढवळायला लागल्या. मी बाहेर पायरीवर बसून पोटभर रडले. कितीतरी महिन्यांनी जीव भांड्यात पडला होता.

आता मिनू सहावीत आहे. बडबडीपायी वर्गाबाहेर उभी राहते, आणि तक्रार आली की मला मेलीला आनंदच होतो. जिजींची बालवाडी मधल्या काळात बंद झाली, विसरणं वाढत गेलं. एकटं ठेवण्याची सोय उरली नाही, म्हणून गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा त्यांना इंदूरला न्यायला आला. आम्ही भेटायला गेलो. मिनू पाया पडली. जिजी तिच्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "तुझं नाव काय गं?"

 मला मिनूकडे बघवेना. पण ती त्यांच्याजवळ टेकली, त्यांचा हात हातात घेतला. तिला बरोबर कळलं होतं, ही झडती नव्हती.

"मी मिनू, जिजी. तुम्ही चिवड्यात मीठ नहीं डाला था ना, ते मी सांगितलं होतं."

"हो का?" जिजी हसल्या. "बरं केलंस हो, सांगितलंस."