बोथ्याची सफारी आणि बॅगेतली क्लच वायर

बिबट बघायला लांब कशाला जायचं, आपल्या जिल्ह्यात ज्ञानगंगा अभयारण्य आहे की, असं शाळेत सगळ्यांना ऐकवून झालं होतं. स्वतः मात्र गेलो नव्हतो. शेवटी एका शनिवारी जानेफळहून मोटारसायकल काढली.

निघताना दादाने हाक मारली. मी मास्तरकी करतो, शेती तोच बघतो.

"बुलढाण्याले चाललाच तं दोन क्लच वायर आन बे. परवा डुक्कर फास तोडून पयालं."

डुकरं मक्यात शिरतात ती कुंपणाच्या ठरलेल्या खिंडीतून. तिथे खुंट्याला क्लच वायरचा फास लावायचा, ही आमच्याकडची घरोघरची रीत. मलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

मेहकर-चिखली रस्ता ठीक आहे. चिखलीत पोहे खाल्ले, बुलढाण्यात वायर घेतली, मुक्काम केला. सफारी बोथा गावाहून सुटते. ओळखपत्र आणि स्वेटर विसरू नका. चौघे असाल तर जिप्सी परवडते, मी एकटाच हौशी निघालो.

गाइड गौतमभाऊ जंगलाला लागून असलेल्या गावचे. पहिला तासभर नुसते मोर आणि रोही, म्हणजे नीलगायी, दिसले. मग त्यांनी गाडी थांबवायला लावली.

पाणवठ्याजवळच्या खडकावर बिबट्याची मादी बसली होती, तिला खेटून मांजराएवढं पिल्लू. काय आनंद झाला म्हणून सांगू! मी धडाधड फोटो काढत सुटलो. पिल्लू सारखं दुधाला तोंड लावायचं आणि ती सारखी सरकायची.

"दूध काऊन पाजत नाही हो?" मी विचारलं.

"भाऊ, तिच्या कंबरेले पाहा."

कॅमेऱ्यातून जवळ आणून पाहिलं. कंबरेत वायर रुतली होती, भोवती मांस उघडं पडलं होतं. तुटलेलं टोक मागे लोंबत होतं.

"डुकराचा फास हाय. शेतकऱ्याले वाटते डुक्कर पयालं. तो दुसरी वायर लावते," गौतमभाऊ म्हणाले. "हिले आता शिकार होनार नाही."

तेवढ्यात ती उठली, दोन पावलं गेली आणि बसली. पिल्लू पुन्हा पोटाशी शिरलं. माझ्या मांडीवरच्या बॅगेत दोन नव्या वायर होत्या. मला स्वतःची शिसारी आली.

गौतमभाऊंनी लगेच वनखात्याला फोन लावला. माणसं येईपर्यंत ती पिल्लाला घेऊन झाडीत शिरली होती. नंतर शोधूनही सापडली नाही.

घरी पोचलो तसं दादाने विचारलं, "वायर आनली का?"

"विसरलो," मी म्हणालो. बिबट्याचे फोटो दाखवले, कंबरेचा तेवढा दाखवला नाही. माझा पगार सुरू असतो, त्याचा मका डुकरं खातात. त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

आठ दिवसांनी गौतमभाऊंचा फोन आला. मादी नाल्यात मेलेली सापडली. पिल्लू दोन दिवस तिच्याजवळच दिसलं, मग तेही दिसेनासं झालं.

फोन ठेवला आणि ती वायर आधी फेकून द्यावी म्हणून बॅग उघडली. बॅग रिकामी होती.

ओट्यावरून दादा हसत म्हणाला, "वायर तुह्या बॅगमधीच व्हती बे! लावली बी म्या, कालच."

तुम्ही सफारीला जरूर जा. माझी वायर अजून खिंडीत आहे, मी ती काढलेली नाही.