नसीमआपाचा रविवार

नसीमआपा मालिश करताना पेशंटशी भांडायची. "खांदा सोड! घरचं दळन इथं कशाला आनलंस?" असं खेकसत ती तिळाचं कोमट तेल ओतायची, आणि पालथी पडलेली बाई हसतहसत अंग सैल सोडायची. भिवंडीतल्या आमच्या आयुर्वेदिक दवाखान्यात बायकांना मालिश करायला आम्ही दोघीच होतो. मी रीतसर कोर्स केलेली, कामात नीटनेटकी. तरी मी पडदा सरकवला की आतून प्रश्न यायचा, "आपा नाही का?"

आपाला याची मिजासही होती. "तुझं काम झकास हाय गं सुनीता," ती मला ऐकवायची, "पन तू बोलत न्हायस. मुक्या मान्साच्या हाती अंग कोन देईल?" मी वरवर हसायचे आणि दिवसभर धुमसायचे.

मग माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली. मी घरी रोज तिला मालिश करायचे. ती भिंतीकडे तोंड करून पडायची. एक शब्द नाही. एका रविवारी आपा सुकट घेऊन भेटायला आली, आईचा हात तिने मांडीवर घेतला आणि मला म्हणाली, "तेल आन." मी तेल गरम करत होते, तेवढ्यात आई ओक्साबोक्शी रडायला लागली. वाकड्या तोंडाने, अडखळत ती आपाला सांगत होती, मरायची भीती वाटते म्हणून. वाटी घेऊन मी दारातच थांबले. हे मला सांगायचं होतं ना तिने!

जिन्यात मी आपाला विचारलंच, "माझ्याशी का नाही बोलत ती?"

"तू लेक हायस. तुझ्यापुढं रडली तर तू खचशील. मी काय, रडू देते आन वर जेवायला मागते."

त्यानंतर आपा दर रविवारी येत राहिली. आईची बोटं हलू लागली, पुढे ती काठी टेकत चालू लागली. मला आनंद होता. पण शनिवारपासूनच माझं तोंड उतरलेलं असायचं.

गेल्या हिवाळ्यात हृदयविकाराने आपा अचानक गेली. आईला धरून मी आपाच्या घरी नेलं. "नसीम, नसीम" करत आई अशी रडली की आपाच्या सुनांना तिला सावरावं लागलं. बाबा गेले तेव्हाही ती एवढी रडली नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिला कळलंही नाही. रडू मलाही येत होतं. पण समोर मय्यत होती, आणि मी अजूनही आपावर जळत होते.