जाड तारेचा सूर

उजव्या हाताचा पंजा वर करून तो आधी समोरच्याला गप्प करायचा, मान एका बाजूला कलती करायचा आणि म्हणायचा, "थांबा, येतंय." येत काहीच नसायचं.

धाटावच्या कंपनीत तो पंपांवर ऑपरेटर, मी लॅबमध्ये. कंपनीच्या बसमध्ये मी पेणला चढायचो, तो कासूला. पंचेचाळिशी ओलांडलेला खाडीकाठचा शेतकरी गडी, आणि पाठीला गिटार. पुतण्याने टाकून दिलेली, पोटावर क्रिकेटचे स्टिकर चिकटवलेली. गेटच्या आत ती नेऊ देत नसत, म्हणून आठ तास मागच्या सीटवर लोळत पडायची.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणाकडे शिकायचं नाही, पुस्तक उघडायचं नाही, फोनवर फुकटचे धडे असतात तेही बघायचे नाहीत. "मी कानानं घेतो," एवढं मात्र छाती काढून सांगायचं. मी हार्मोनियमच्या परीक्षा दिलेला माणूस. पेणला भजनात मला मास्तर म्हणतात. माझ्या शेजारी बसून हा गृहस्थ दोन वर्षं एकच चाल शोधत होता आणि ती त्याला सापडत नव्हती. लोकांना त्याची कीव यायची. मला चीड यायची.

सगळ्यात कहर म्हणजे त्याची वरची जाड तार. ठार बेसूर. काळीत नाही, पांढरीत नाही, मधेच कुठेतरी लटकलेली. हा तिच्या खुंटीला कधी हात लावायचा नाही, उलट बाकीच्या पाच तारा रोज तिच्यावरून लावून घ्यायचा. म्हणजे एक चुकली म्हणून पाचही चुकवायच्या! मी एकदा फोनवरचं ट्यूनर त्याच्या नाकासमोर धरलं. काटा लालमध्ये गेलेला. त्याने पाहिलंही नाही.

"मास्तर, मशीन त्याचं सांगतंय. मना माजं पायजे," म्हणाला. सगळी बस हसली. मी जरा जास्तच हसलो.

कंपनीत त्याच्या कानाचं कौतुक होतं, हे कबूल करतो. पंपाच्या बेअरिंगला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, दांडा कानाला लावायचा आणि सांगायचा, हे आठवडाभर जाईल. आठवड्याने बेअरिंग बसायचं. मी म्हणायचो, पंपाचं ठीक आहे, पंपाला कुठे गायचं असतं?

गेल्या वर्षी एका बारीक तारेची खुंटी पिरगळली. पेणला दुरुस्तीवाला आहे म्हणून गिटार त्याने माझ्याकडे दिली. तेवढी खुंटी बसवा, बाकी कशाला हात लावू नका, असं दोनदा बजावलं. असल्या माणसाचं ऐकायचं असतं का? खुंटी बसवून आणली आणि घरी बसून सहाही तारा शास्त्रशुद्ध लावल्या. चार दिवसांनी बसमध्ये गिटार त्याच्या हातात दिली आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसलो.

त्याने जाड तार छेडली. परत छेडली. मग तिच्यावर तळवा ठेवून ती बंद केली.

"ही लावलीत?"

लावली, म्हटलं. आता कुठल्याही गाण्याबरोबर वाजेल.

मग त्याने जे सांगितलं ते इतक्या हळू, की मला वाकून ऐकावं लागलं. त्याची आई धवलारीण. खाडीकडच्या लग्नांत मांडवात बसून धवले गाणारी. मांडव नसेल तर धवला म्हणायचा नाही हा तिचा नेम, त्यामुळे घरी कुणी तिचा आवाज फोनवर घेतला नव्हता, आणि लग्नांच्या व्हिडिओत नुसता डीजे ऐकू येतो. पुतणीच्या लग्नात ती गायली तेव्हा हा मांडवाच्या मेढीला टेकून बसला होता. आवाज कानात आहे तोवर घरी येऊन त्याने जाड तार तिच्या पहिल्या सुराला लावून ठेवली. महिन्याभरात आईला लकवा झाला आणि तिची वाचा गेली. दोन वर्षं तो तिचाच धवला शोधत होता.

"आयचा आवाज तेवढाच व्हता," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी घाईने म्हटलं, परत उतरवू, त्यात काय. त्याने गिटार माझ्या मांडीवर ठेवली.

"मना आता मनातून येत नाय. तारंवरूनच आठवायचो. तुमचा कान शिकलेला हाय, मास्तर. दोन वर्सं रोज आयकलंत तुमी. सांगा, कवढी उतरवायची?"

मी खुंटी उतरवली, थोडी चढवली, परत उतरवली. नागोठणं गेलं, रोहा आलं. ती तार बेसूर होती, एवढंच मला आठवत होतं. नेमकी कुठे होती, ते नाही. दोन वर्षं शेजारी बसून मी ती एकदाही ऐकली नव्हती.

गेटवर बस थांबली. "ऱ्हाऊ द्या, मास्तर," म्हणून त्याने गिटार माझ्या मांडीवरून उचलली, सीटवर ठेवली आणि शिफ्टला उतरला.

पुढच्या आठवड्यात त्याने शिफ्ट बदलून घेतली. त्याची आई गेल्याचं मला ड्रायव्हरकडून कळलं. कासूला उतरून भेटायला जावं असं दोनदा ठरवलं. थांबा आला की मी पाय आखडून बसून राहतो.