पाणी तपासायचं आहे, दिवा पेटत नाही

चार जुने लॅबवाले जमले की एक किस्सा दुसऱ्याला ओढून आणतो. लोक हसतात. मीही हसतो. घरी आल्यावर मात्र संताप होतो.

अकोल्यात एका लॅबमध्ये मी अटेंडंट होतो. पाण्यात कोणते धातू आहेत ते सांगणारं मोठं मशीन तिथं आलं. त्यात आरगॉन गॅसची ज्योत पेटली तरच काम व्हायचं. तिला प्लाझ्मा म्हणत. आम्ही दिवा म्हणायचो.

मूर्तिजापूरकडच्या खारपाण पट्ट्यातून, जिथं जमिनीतलं पाणीच खारट, बेबीबाई पाण्याची कॅन घेऊन यायची. नवरा किडनीनं गेला होता, आता मोठ्या लेकाचे पाय सुजत होते. बोअरचं पाणी प्यावं की नाही, एवढंच तिला विचारायचं होतं.

*

दसऱ्याला मशीनची पूजा झाली, झेंडूचा हार घातला. दुसऱ्या दिवशी दिवा पेटेना! नुसतं टक-टक-टक. नागपूरहून इंजिनिअर आला. त्यानं मशीनच्या दाराच्या फटीतून झेंडूची चुरगळलेली फुलं काढली.

"दार पूर्ण लागल्याशिवाय हे पेटत नाही, सर."

लॅबचे साहेब म्हणाले, "म्हणजे पूजेतच काही राहिलं असेल!"

*

मशीनवरचा धूर ओढणारा पंखा घरघर करायचा. मिटिंगमध्ये त्रास होतो म्हणून साहेबांनी तो बंद करवला.

आमच्या केमिस्ट नसीम मॅडम धावत गेल्या. "सर, पंख्याशिवाय मशीन पेटत नाही!"

"मग मिटिंग संपल्यावर पेटवा!"

मिटिंग संपली आणि लोडशेडिंग सुरू झालं.

बाकावरून बेबीबाईनं विचारलं, "भाऊ, आज बी नाई?"

*

एकदा साहेबांनी स्वस्तातला, वेल्डिंगवाल्याकडचा गॅस आणवला. दिवा भक्कन उजळायचा आणि विझायचा. इंजिनिअर म्हणाला, "सर, या गॅसनं खिडकीचं ग्रील जोडा!"

"आरगॉन म्हणजे आरगॉन. त्यात काय चांगलं-वाईट?"

बाकावर बसलेली बेबीबाई माझ्याकडे वळली. "आमच्या सरपंचानं बी असंच म्हटलं होतं. पाणी म्हंजे पाणी!"

*

मे महिन्यात मशीनच्या खोलीतला एसी साहेबांच्या केबिनमध्ये गेला. मशीन तापून बंद.

"सर, त्याला थंडावा लागतो!" मॅडम ओरडल्याच.

"आणि मला?"

*

मग मुंबईचे पाहुणे येणार असं कळलं. एसी परत आला, पंखा फिरला, चांगला गॅस आला. दिवा पहिल्याच खेपेत पेटला! टाळ्या! साहेबांनी पाहुण्यांच्या टेबलावरचं बाटलीबंद पाणी तपासायला लावलं. रिपोर्ट उत्तम!

"आता बंद करा, गॅस जातो."

बेबीबाई दारातच होती. "पेटलं ना? मंग माहं बी लावा."

"पुढच्या आठवड्यात या, बाई."

तिनं टेबलावरच्या बाटल्या एकेक करून पिशवीत भरल्या आणि आपली कॅन चहाच्या किटलीशेजारी ठेवली.

"तुमचं पाणी चांगलं हाये, मशीननंच सांगतलं. हे लेकाले नेतो. माहं तुमाले ठेवलं."

गेली. कोणी अडवलं नाही.

साहेब घसा खाकरून म्हणाले, "काका, चहा द्या."

मी कप भरले. पाहुण्यांनी कपाकडे पाहिलं, मग कॅनकडे. एकानं हळूच विचारलं, "चहा कुठल्या पाण्याचा आहे?"

मी तसाही सावकाश बोलतो. त्या दिवशी उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ घेतला.